टाकीमागचं स्फुरद

मोरखारच्या मैल्याला भाव आला आणि टाकीमागच्या वस्तीकडे लोक पहिल्यांदाच मान वळवून बघायला लागले.

तोवर बघण्यासारखं काही नव्हतं. गावातला रस्ता मासळी बाजार ओलांडून खाडीकडे उतरायचा आणि उताराला लागलं की येणाराजाणारा नाकाला रुमाल लावायचा. आधी मलशुद्धीकरण केंद्राच्या गोल टाक्या, टाक्यांमागे तिवरांच्या कडेने सफाई कामगारांची घरं. गटारात उतरणाऱ्यांना गावात शेजार कोण देणार, म्हणून तीन पिढ्यांपूर्वी पालिकेने त्यांना घाणीच्या शेजारी जागा दाखवली होती. कागदोपत्री ती कधीच त्यांची झाली नाही. गावाने वस्तीला धड नावही दिलं नाही. 'टाकीमागे' एवढंच म्हणायचे.

प्रणिता गमरे टाकीमागेच जन्मली आणि आता, चाळिशीला टेकताना, त्या टाक्यांची प्रमुख अभियंता होती. तिच्या वडिलांना, भागुरामला, हे कधी पटलं नाही. भागुराम जन्मभर पालिकेच्या गटारात उतरला होता. त्याचा धाकटा भाऊ वसंत एका चेंबरमध्ये वायूने गुदमरून गेला, तेव्हा दोरी भागुरामच्या हातात होती. त्यानंतर त्याने पोरीला अलिबागला मावशीकडे ठेवून शिकवलं, पुण्याला पाठवलं. ती रसायन अभियंता झाली आणि नोकरी घेतली ती ह्याच केंद्रात. "यातून बाहेर पडायला शिकलीस ना गं?" एवढंच तो म्हणाला आणि बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. प्रणिताने आल्याआल्या चेंबर साफ करणारी यंत्रं आणवली, माणूस आत उतरवणं बंद करून दाखवलं. बाप बोलायला लागला. पण केंद्राच्या फाटकाच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही.

२०४० साल उजाडता उजाडता खताची जहाजं यायची थांबली.

नत्र हवेतून ओढता येतं. हवा फुकट आहे. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, तसं नाही. ते मूलद्रव्य आहे, कारखान्यात घडवता येत नाही आणि त्याला पर्याय नाही. भाताच्या लोंबीपासून माणसाच्या हाडापर्यंत, प्रत्येक पेशीत ते लागतं. ते मिळतं दगडातून, आणि तसला दगड जगात मोजक्याच देशांकडे. त्या देशांनी एकामागून एक दारं लावून घेतली. खताच्या दुकानांपुढे आधी रांगा लागल्या, मग दुकानंच बंद पडली. भाताची रोपं जांभळट होऊन खुरटली. आंब्याला मोहोर धरेना.

खरी गंमत अशी, की स्फुरद हरवलेलं नव्हतं. माणूस अन्नातून जेवढं स्फुरद खातो, जवळजवळ तेवढंच रोज बाहेर टाकतो. ते गटाराने टाकीत जातं, टाकीतून गाळात, आणि उरलेलं समुद्रात. पुण्यात असताना प्रणिता आणि तिचा सहकारी निनाद दामले यांनी गाळातलं घट्ट बसलेलं स्फुरद सोडवणारी जिवाणूंची एक जात वाढवली होती. प्रयोगशाळेत लाडाने तिला 'सखू' म्हणायचे. सखूने गाळ खाल्ला की स्फुरद पाण्यात मोकळं व्हायचं. त्यात मॅग्नेशियमचा क्षार टाकला, की ते आणि गाळातलाच अमोनिया मिळून साबुदाण्याएवढे पांढरे खडे तळाशी बसायचे. ना वास, ना रोगजंतू. थेट शेतात टाकावं असं खत.

प्रणिताने मोरखारला सखूची पहिली टाकी बसवली. दोन हंगाम आजूबाजूच्या गावांना खडे मिळाले आणि तिथला भात हिरवा राहिला. मग गावोगावचे साहेब बघायला यायला लागले. त्यांच्या मागोमाग उर्वरांश नावाची कंपनी आली.

नोटीस वस्तीच्या नळाजवळच्या भिंतीला चिकटवली होती. पालिका हद्दीत निर्माण होणाऱ्या मलजलातली समस्त पोषकद्रव्ये दीर्घ कराराने उर्वरांश कंपनीला दिली आहेत. केंद्राच्या विस्तारासाठी टाकीमागची जागा लागणार आहे. रहिवाशांनी डोंगरापलीकडच्या माळावरच्या संक्रमण शिबिरात जावं.

सुमनकाकीने ती दोनदा वाचून घेतली. तिची हयात रस्ते झाडण्यात गेली होती. "म्हणजे घाण होती तोवर आमच्या उशाशी ठेवली," ती म्हणाली, "आणि आता तिचं सोनं झालं तर आम्हालाच उठवतात?"

सगळ्यांनी प्रणिताकडे बघितलं. सोनं तिनेच केलं होतं.

निनाद त्याच आठवड्यात आला. सखूचे हक्क पुण्याच्या संस्थेने कंपनीला विकले तेव्हा तोही कंपनीत गेला होता. तो प्रयोगशाळेत शिरला, भिंगाखाली सखूचा थेंब बघितला आणि जुन्या सवयीने हसला.

"मस्त माजलीय की ही!"

"खायला चांगलं मिळतंय तिला. निनाद, वस्ती का हलवताय?"

"नवीन टाक्यांना खाडीकाठचीच जागा हवी. प्रणिता, इथे फक्त आसपासच्या गावांना खडे मिळतात. आम्ही अख्ख्या राज्याला देऊ. तू प्रमुख हो. शहरात घर, वडिलांना चांगला दवाखाना..."

"खडे राज्याला देणार की जो जास्त देईल त्याला?"

निनाद खोटं बोलणारा माणूस नव्हता. "सुरुवातीला निर्यातीची द्राक्षं," तो म्हणाला. "नंतर सगळे."

"आणि टाकीमागची माणसं माळावर. तिथून कामाला कशी येणार?"

"कामं कमी होतील. सगळं आपोआप चालेल आता."

प्रणिताने भिंगाखालचा थेंब पुसून टाकला. "तू जा," ती म्हणाली. निनादला वाटलं ती विचार करणार आहे. तिचा नकार ठरला होता, ते त्याला कळलं नाही.

वस्तीच्या सभेत पोरं तापली होती. पंपावर काम करणारा संदेश म्हणाला, "पंप बंद करू. बाजारपेठेत गुडघाभर साचलं की येतील शरण."

"बाजारपेठेत नाही साचणार," प्रणिता म्हणाली. "केंद्र थांबलं की सगळं बगलेच्या नाल्याने थेट खाडीत जातं. खाडीत कोळणी कालवं काढतात, त्यांची पोरं डुंबतात. आधी ती मरतील."

"मग काय करायचं? नवससायास?"

उत्तर तिला दुसऱ्या दिवशी सापडलं, आणि इतकं साधं होतं की तिला स्वतःचीच चीड आली.

सगळे टाकीकडे बघत होते. कंपनी, पालिका, ती स्वतःसुद्धा. पण खाण टाकीत नव्हतीच. खाण माणसात होती. माणसाने टाकलेल्या स्फुरदातलं निम्म्याहून अधिक आणि नत्राचा तर बहुतेक सगळा भाग लघवीतून जातो. लघवी म्हणजे गटारातल्या पाण्याचा शंभरातला जेमतेम एक भाग. बाकी सगळं आंघोळीचं, धुण्याभांड्यांचं पाणी. आधी शुद्ध माल नव्व्याण्णव भाग पाण्यात कालवायचा आणि मग करोडोंची यंत्रं लावून वेगळा करायचा, असा हा धंदा. लघवी आधीच वेगळी ठेवली तर यंत्र नको, सखूही नको. घट्ट टोपणाच्या डब्यात काही दिवस ठेवली की तिच्यात आपसूक अमोनिया होतो, रोगजंतू मरत जातात. मग मॅग्नेशियम घातलं की खडे बसतात. कापडातून गाळायचे, सावलीत वाळवायचे. वरचं पाणी दसपट पाण्यात मिसळून केळीला, नारळाला.

ह्या कृतीवर कुणाचा हक्क नव्हता. आणि गावाने आपला माल घरीच ठेवला, तर कंपनीच्या टाकीत स्फुरद इतकं पातळ होईल की खडे धरणारच नाहीत. विशिष्ट दाटपणाखाली ते जन्मच घेत नाहीत. हे निनादला जितकं ठाऊक होतं तितकंच तिला.

तिने राजीनामा लिहिला आणि मुख्याधिकारी हर्षला वैद्य यांच्या टेबलावर ठेवला. वैद्यबाई हुशार होत्या, थकलेल्या होत्या. वरून आलेल्या करारावर त्यांनी सही केली होती, इतकंच.

"कारण लिहिलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच लिहा, मॅडम. म्हणावं, बाईला बाहेरून काम करायचंय."

मॅग्नेशियमसाठी ती पलीकडच्या मिठागरात हिराजी म्हात्र्यांकडे गेली. मीठ ओढून घेतल्यावर कोंडीत जे कडू, तेलकट पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम ठासून भरलेलं असतं. हिराजी ते खाडीत सोडून द्यायचे.

"हे कडू पाणी? पिंपंच्या पिंपं ने, पोरी," हिराजी म्हणाले. "पण करणार काय याचं?"

तिने सांगितलं. हिराजी आधी मोठ्याने हसले, मग त्यांनी बांधापलीकडे बघितलं. मिठागराशेजारचं त्यांचं भातखाचर सलग दोन वर्षं जांभळं पडलं होतं. "मी पण आणतो की माझं," ते म्हणाले.

वस्तीच्या मोकळ्या जागेत भर सकाळी तिने करून दाखवलं. आठवडाभर साठवलेला तिचा स्वतःचा डबा होता. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. तिने कडू पाणी ओतलं, काठीने ढवळलं, आणि बघता बघता डबा दुधासारखा पांढरा झाला. हसणं थांबलं. सुमनकाकी पुढे वाकली. "आई गं," ती म्हणाली, "हे आपल्यातलं?"

तेवढ्यात भागुराम उठला, डब्यापाशी आला आणि त्याने लाथ मारून डबा उलटा केला.

"माझा भाऊ यात मेला," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी जन्मभर लोकांचं उचललं, ते तुझ्या हातात डबा येऊ नये म्हणून. शिकून सवरून आलीस आणि आमच्याच हातात परत डबा देतेस?"

तो खाडीकडे निघून गेला. माणसं पांगली. प्रणिताने सांडलेलं माती टाकून झाकलं, पाणी ओतलं, झाडून काढलं. तिला रडू येत होतं, कारण बापाचं चुकलं नव्हतं.

संध्याकाळी ती बांधावर गेली. भागुराम ओहोटीच्या चिखलाकडे बघत बसला होता. ती शेजारी बसली. तोच आधी म्हणाला, "होईल का खरंच त्याने? कंपनीची टाकी रिकामी पडेल?"

"रिकामी नाही. पातळ पडेल. त्यांच्या उपयोगाची राहणार नाही."

"नुसत्या आपल्या वस्तीने?"

"नाही. गाव लागेल. निम्मं तरी."

"मग एक अट." तो तिच्याकडे वळला. "ज्याचं त्याने आणायचं. बामणाचं बामणाने, पाटलाचं पाटलाने, डॉक्टरचं डॉक्टरने. आपल्या वस्तीतला एकही माणूस दुसऱ्याच्या दारात डबा उचलायला जाणार नाही. भले कंपनी जिंकली तरी चालेल. कबूल?"

"आबा, लोक आणणार नाहीत."

"मग त्यांचं भात जांभळं राहील. कबूल का ते सांग."

"कबूल," प्रणिता म्हणाली.

वस्तीच्या फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून भागुराम स्वतः बसला. आणलेल्या डब्याच्या बदल्यात वाळलेले खडे, असा साधा नेम. आधी हिराजी आले, त्यांच्या मागून मिठागरातले कामगार. मग आप्पा जोगळेकरांचा गडी हातगाडीवर दोन डबे घेऊन आला. आप्पा म्हणजे मोरखारचे सर्वांत मोठे आंबा बागायतदार.

"कुणाचं हे?" भागुरामने विचारलं.

"आप्पांचं."

"मग आप्पा कुठेत? तुझं आणलंयस का? नाही? तर परत ने."

गडी गेला. दोन दिवसांनी आप्पा स्वतः स्कूटरवरून आले, पायांमध्ये डबा, चेहरा लालबुंद. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

"भागुराम, माज आला का रे तुला?"

"आला, आप्पा. उशिरा आला, पण आला." भागुराम खुर्चीतून उठला नाही. "आणि 'अरे'ला आमच्याकडे खडे मिळत नाहीत. 'अहो' म्हणा."

आप्पांनी स्कूटर वळवली. उतार चढून अर्ध्यावर गेली आणि थांबली. वर त्यांची बाग दिसत होती, मोहोराविना काळीशार. मग स्कूटर परत आली.

"अहो भागुराम," आप्पा दात चावत म्हणाले, "डबा कुठे ठेवू?"

"तिकडे सावलीत. टोपण घट्ट लावा."

ह्या गोष्टीने जे केलं ते कुठल्याही पत्रकाने केलं नसतं. मोरखार हसून हसून बेजार झालं, आणि मग आप्पांनी आणलं तर आपण का नको, म्हणून निघालं. सोसायट्यांमधल्या बायका गच्चीवरच्या वांग्या-टोमॅटोसाठी आणायला लागल्या. शिक्षक आले, वकील आले, मासळीवाल्या आल्या. काहींनी अंधार पडल्यावर चोरून यायचा प्रयत्न केला. भागुराम दिवे लागायच्या आत फाटक लावून घ्यायचा. "उजेडात या," तो म्हणायचा. "आम्ही पण उजेडातच न्यायचो तुमचं."

डबा उचलला की माणसात काय बदलतं, ते प्रणिताने कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं. नाकावरचा रुमाल आधी गेला. मग लोक रांगेत बोलायला लागले. मग कुणीतरी सुमनकाकीला विचारलं, की इतकी वर्षं हे हाताने करताना तुम्हाला कसं वाटायचं? काकीने त्या बाईकडे नीट बघितलं. "आत्ता विचारताय होय," ती म्हणाली आणि खडे मोजायला वळली.

केंद्रात सखू उपाशी पडायला लागली. कंपनीने तक्रार दिली, की करारातल्या मालाची चोरी होते आहे. पोलिसांनी फाटकावरचे डबे जप्त करून मुद्देमाल म्हणून ठाण्यात नेले. त्या घाईगडबडीत कुणीतरी टोपणं सैल केली. दुसऱ्या दिवशी हवालदार स्वतःच टेम्पो घेऊन आला. "ताई, हे घ्या परत, पाया पडतो," तो म्हणाला. गुन्हा मात्र प्रणिताच्या नावावर राहिला.

प्रांतसाहेबांपुढे सुनावणी झाली तेव्हा पालिकेचं सभागृह गच्च भरलं होतं. कंपनीचे वकील मुंबईहून आले होते. त्यांनी कराराचं कलम वाचून दाखवलं: पालिका हद्दीत निर्माण होणारी समस्त पोषकद्रव्ये.

"करारात मलजल म्हटलंय," प्रणिता म्हणाली. "गटारात पडलं की ते मलजल. ते तुमचं, घेऊन जा. आम्ही गटारातून थेंबही काढलेला नाही. आम्ही फक्त टाकत नाही."

"पण उद्देश स्पष्ट आहे," वकील म्हणाले. "द्रव्य निर्माण होताक्षणी त्यावर कंपनीचा हक्क आहे."

"निर्माण होताक्षणी?" प्रांतसाहेबांनी चष्मा काढला.

"होय, साहेब."

सभागृहात खसखस पिकली. मागच्या रांगेतून भागुराम उभा राहिला. "साहेब, बोलू का? ह्यांचा हक्क निर्माण होताक्षणी असेल, तर ह्यांनी माणसं पाठवावी प्रत्येक घरी, भांडं धरून उभी राहायला. आम्ही ते काम जन्मभर केलं. शिकवू त्यांना. टाय काढून यावं मात्र."

प्रांतसाहेबांना हसू आवरेना. पण प्रणिता हसली नाही. "साहेब," ती म्हणाली, "कोळशाची खाण विकता येते, वाळूचा घाट विकता येतो. इथे जी विकली ती खाण म्हणजे आम्ही आहोत. आमची हाडं, आमचं जेवण. हे विकायचा अधिकार पालिकेला कुणी दिला, तेवढं मला दाखवा. मी आज डबे बंद करते."

वकिलांनी कागद चाळले. निकाल राखून ठेवला गेला. वस्ती हलवायच्या आदेशाला मात्र स्थगिती मिळाली नाही. ते प्रकरण वेगळं, असं सांगितलं गेलं.

दोन दिवसांनी निनाद एकटाच बांधावर भेटला. वाळला होता.

"सखू मरतेय," तो म्हणाला. "टाकीत गेलो की कळतं. आपण वाढवली गं तिला."

"मला माहीत आहे."

"ऐक. मी वरच्यांना मनवलंय. डबे बंद करा, वस्ती आहे तिथे राहू देतो. लेखी. तुझ्यावरची तक्रारही मागे. तुला हेच हवं होतं ना?"

तिला हेच हवं होतं. ती थकली होती. गुन्ह्याची कोर्टातली तारीख जवळ आली होती. तिने ते वस्तीपुढे जसंच्या तसं ठेवलं आणि शेवटी म्हणाली, "मला वाटतं, घ्यावं. घरं वाचतील."

सुमनकाकी म्हणाली, "राहू देतो म्हणजे काय गं? त्यांची आहे का जागा, राहू द्यायला?"

"काकी, उद्या यंत्र आणतील."

"आणू दे. आज राहू देतील, उद्या टाकीला जागा कमी पडली की परत उठवतील. तेव्हा डबे पण नसतील आपल्याकडे." तिने भोवती बघितलं. "मी नाही घेणार. बाकीच्यांनी आपलं आपलं सांगा."

एकेकाने सांगितलं. कुणीच घेतलं नाही. प्रणिताला वाटलं होतं आपण ह्या माणसांना वाचवतोय. ती खाली बसली आणि तिला कळलं की आता तीच त्यांच्या आधाराने उभी आहे. तिने निनादला फोन केला. "नाही म्हणतायत," ती म्हणाली. "आणि मीही."

"मग मी काही करू शकत नाही," निनाद म्हणाला. त्यानंतर ते दोघं पुन्हा बोलले नाहीत.

जेसीबी सकाळीच आला, पुढे पोलिसांची गाडी. उतारावर येऊन दोन्ही थांबली. रस्त्यात रांग होती. मोर्चा नव्हे, घोषणा नाहीत, फलक नाहीत. मोरखारची माणसं हातात डबे घेऊन आपापल्या पाळीची वाट बघत उभी होती, खाडीपासून थेट मासळी बाजारापर्यंत.

"रस्ता सोडा," फौजदार म्हणाला.

"आम्ही आमचं घेऊन आलोय," एक शिक्षिका म्हणाली. "पाळी सोडली तर पुन्हा मागे लागावं लागेल."

"अहो बाई, सरकारी काम आहे."

"आमचं काय खासगी वाटलं?" आप्पा जोगळेकर मागून ओरडले. "रांगेत या! आम्ही तासभर उभे आहोत."

फौजदाराने रांगेवर नजर टाकली. तिच्यात त्याच्या ओळखीचे निम्मे चेहरे होते आणि एक त्याच्या बायकोचा. तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि त्याच्याकडे बघितलंच नाही. दुपारपर्यंत जेसीबी उन्हात उभा राहिला. मग मागे वळला.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीने पालिकेला कळवलं, की मोरखारचं मलजल व्यवहार्य राहिलेलं नाही, करार संपवावा. जाताना त्यांनी टाक्या तशाच सोडल्या. शेजारच्या दोन शहरांनी माणसं पाठवून भागुरामकडून नेम समजून घेतले होते. तिथेही करार व्हायचे होते. ते झाले नाहीत.

मग एका सकाळी हर्षला वैद्य टाकीमागे आल्या. पालिकेचा मुख्याधिकारी वस्तीत, घराच्या आत, पहिल्यांदाच येत होता. भागुरामने खुर्ची पुसून दिली. प्रणिताने चहा ठेवला.

"केंद्र तू परत चालव," वैद्यबाई म्हणाल्या. "डब्यांची योजना पालिकेचीच करू. वस्तीतल्या माणसांना कायम नोकऱ्या. तुझ्याशिवाय जमणार नाही, हे मी वर सांगितलंय."

प्रणिताने वडिलांकडे बघितलं.

"चांगलं बोललात," भागुराम म्हणाला. "जागेचं काय?"

"तो प्रस्ताव सभेपुढे जाईल ना."

"जायला काय लागतं?"

"माझी सही लागते. मग सभा."

भागुराम आत गेला. वस्तीने कधीपासून लिहून ठेवलेला मालकीचा अर्ज त्याने आणला आणि चहाच्या कपाशेजारी ठेवला. घराघरांची नावं होती. पहिलं नाव बायकोचं, मग नवऱ्याचं. वैद्यबाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. दारात माणसं जमली होती. सुमनकाकी उंबऱ्यावर बसली.

"सभेत विरोध होईल," वैद्यबाई म्हणाल्या.

"विरोध करणाऱ्यांना माहीत आहे, डबा कुठे आणायचाय," प्रणिता म्हणाली.

वैद्यबाईंनी नकळत कपाकडे हात नेला.

"थांबा, बाई," भागुराम म्हणाला. "आधी सही."

"चहा गार होतोय, भागुराम..." त्या थबकल्या. "अहो भागुराम, चहा गार होतोय."

"होऊ दे. तीन पिढ्या थांबलो आम्ही. चहाला काय होतंय?"

वैद्यबाईंनी पर्स उघडली आणि पेन शोधायला लागल्या.